पांढऱ्या पाटीचा सौदा

मला फसवलं ते गाड्या पुरवणाऱ्या ॲपच्या कंपनीनं. मी कंपनीला फसवलेलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे सांगताना मला बऱ्याच ठिकाणी हसू येणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, चला, याचा राग गेला. राग गेलेला नाही.

लवळ्याला वर कॉलेजांकडे जाणारा चढ जिथं सुरू होतो, तिथं कंपनीनं एक मोठी रंगीत छत्री लावली होती. छत्रीखाली टेबल आणि टेबलामागे इस्त्रीच्या शर्टातला तिशीचा माणूस. गाडी आहे का, लायसन आहे का, मग उद्यापासून कमाई सुरू, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. माझ्याकडे दोन्ही होतं. गाडी तर नुकतीच घेतली होती, हिंजवडीच्या एका कंपनीतल्या साहेबाकडून. तिच्यासाठी मी तीन रविवार त्याच्या घरी गेलो. पहिल्या रविवारी गाडीभोवती नुसता फिरलो आणि एक शब्द न बोलता घरी आलो. दुसऱ्या रविवारी फक्त टायरविषयी बोललो. तिसऱ्या रविवारी त्याची बायकोच आतून बाहेर आली आणि म्हणाली, मागतायत त्या भावात द्या आणि हा विषय संपवा.

सौदा हेच माझं शिक्षण. आमचं घर घोटावड्याच्या शिवारातलं, शेळ्या-मेंढरांचं. वडील मेंढरं राखायचे आणि दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जायचे. मी मेंढरामागून सुरुवात केली, मग बोकडांचा व्यापार धरला, मग कारखान्यांच्या कँटीनला माल द्यायला लागलो. कुणी हात धरून पुढे आणलं नाही. बाजारात उभं राहून जे शिकलो त्यावरच घर बांधलं. गुडघे दुखायला लागले तेव्हा ठरवलं, आता बसून करायचा धंदा बघायचा. गाडी त्यासाठी होती.

तर मी त्या छत्रीखाली बसलो आणि पहिला प्रश्न पाटीचा विचारला. म्हटलं, "माझी पाटी पांढरी हाय. पिवळी न्हाई. भाड्याला चालंल का?"

"चालते काका. सगळे चालवतात."

मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्यांदा विचारलं, "आन् आरटीओनं धरलं तर?"

"कंपनी आहे ना पाठीशी," तो म्हणाला.

हे वाक्य मी आजही त्याच्या आवाजात ऐकू शकतो. मला काहीच ठाऊक नव्हतं, असं मी म्हणणार नाही. पिवळी पाटी भाड्याची आणि पांढरी घरची, एवढं शेंबड्या पोराला कळतं. पण मी विचारलं होतं. तीनदा विचारलं होतं. बाजारात एखाद्या बोकडाला खोड आहे का, असं तीनदा विचारल्यावर विकणारा नाही म्हणाला आणि नंतर खोड निघाली, तर चार माणसं त्याला बोकड परत घ्यायला लावतात. त्याला कायदा म्हणा की रिवाज म्हणा, मी त्यातच वाढलो.

मग पहिल्या महिन्याला जादा काय देणार, यावर बोलणं आलं. मी खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या हातावर टाकला आणि पंच्याखाली त्याची बोटं धरली. आमच्या बाजारात असाच भाव होतो. किती बोटं धरली ते दोघांनाच कळतं, भोवतीचे नुसते तोंडं बघत राहतात. तो माणूस दचकला. त्याला वाटलं मी त्याचा हात बघतोय. मी त्याला समजावून सांगितलं, मग त्यालाही गंमत वाटली आणि दोन बोटांवरून आम्ही तीन बोटांवर आलो.

शेवटी त्यानं माझ्या फोनवर काहीतरी उघडलं. मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं, वरून खाली, संपतच नव्हती. अगदी तळाला एक चौकोन. "इथं मान्य आहे दाबा," तो म्हणाला.

आता माझी चूक सांगतो. आमच्या व्यवहारात भाव ठरला की दलाल घेणाऱ्याचा हात देणाऱ्याच्या हातात देतो, आणि तिथून पुढे दोन्हीकडची जबान दलालाच्या डोक्यावर असते. खोटं निघालं तर आधी दलालाला धरायचं. मी त्या माणसाला दलाल समजलो. म्हटलं, "तुमीच दाबा की. सौदा तुमी लावलाय." त्यानं हसत अंगठा टेकवला. माझ्या फोनवर, माझ्या नावावर, त्याचा अंगठा. मी समाधानानं उठलो. माझ्या हिशेबानं जबाबदारी त्यानं घेतली होती.

पुढचे काही महिने मजेत गेले, हे कबूल करायला मला लाज नाही. फक्त एक गोष्ट खुपायची. आयुष्यात पहिल्यांदा माझा भाव दुसरा कुणीतरी ठरवत होता. फोन सांगायचा तेवढंच भाडं. गिऱ्हाईक समोर बसलंय आणि घासाघीस करता येत नाही, याच्यासारखी शिक्षा नाही. मग मी दुसऱ्या गोष्टींवर घासाघीस करायचो. खिडकी किती उघडायची, गाणं कुणाचं लावायचं, वाटेत चहाला थांबायचं की नाही. लवळ्याच्या होस्टेलवरच्या मुली पौडच्या एसटी स्टँडवर सोडताना त्यांच्या सामानाच्या पिशव्या मोजून मी चिडवायचो की मेंढरं हलवायला एवढं लागत नाही.

पिरंगुटच्या चहाच्या टपरीवर इतर गाडीवाले भेटायचे. त्यांच्यातही निम्म्यांची पाटी पांढरी. त्यांनी मला एक युक्ती शिकवली. भरारी पथकानं अडवलं तर सांगायचं, मागं बसलेत ते पाहुणे आहेत. म्हणजे दार उघडून माणूस आत बसला की पहिल्यांदा नातं ठरवायचं. मी वयाकडे बघून सगळ्यांचा मामा व्हायचो. पोरांना मौज वाटायची. बिहारकडचा एक जण उतरेपर्यंत मला मामाजी म्हणत राहिला. एक प्राध्यापक मात्र भाचा व्हायला तयार होईनात. म्हणाले, मी तुमच्यापेक्षा मोठा आहे, मेहुणा म्हणा. मी म्हटलं, मेहुण्याला मान द्यावा लागतो, भाचाच बरा. शेवटी चुलतभावावर सौदा पटला.

याच काळात एकदा पौडच्या अलीकडे वळणावर समोरून एक ट्रॅक्टर आला. मी करकचून ब्रेक मारला आणि मागच्या एका विद्यार्थिनीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. टेंगूळ आलं. मी तिला बर्फाचा गोळा घेऊन दिला, अर्धा तिनं कपाळाला लावला आणि अर्धा खाल्ला. आम्ही दोघंही हसलो. तेव्हा हसलो.

गाडी धरली ती एका सकाळी, घोटावड्याहून हिंजवडीकडे जाताना. मागं एक मॅडम होत्या, पंचविशीच्या, अमरावतीकडच्या, हिंजवडीत कंप्युटरचं काम करणाऱ्या. नातं आधीच ठरलं होतं. पथकाच्या साहेबांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि खिडकीत वाकले. आवाज शांत. चिडणाऱ्या माणसाशी मी भांडू शकतो, शांत माणसापुढे माझं काही चालत नाही.

"मागं कोण?"

"भाची हाय साहेब."

"सख्खी?"

"व्हय, सख्खी."

त्यांनी मॅडमना गाव विचारलं. मॅडम प्रामाणिक होत्या पण मला वाचवायचं मनावर घेतलं होतं. म्हणाल्या, "अमरावती जी. मामाच आहेत ना हे माझे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "बहीण लई लांब दिली की हो, मामा."

म्हटलं, "स्थळ चांगलं होतं."

मग त्यांनी मला गाडीबाहेर बोलावलं, दहा पावलं लांब नेऊन बहिणीचं नाव विचारलं. परत जाऊन मॅडमना आईचं नाव विचारलं. दोघांनी दोन वेगळ्या देवींची नावं सांगितली. तरी मी म्हटलं, एक माहेरचं आणि एक सासरचं. साहेब यावर विचार करत असतानाच काचेजवळ अडकवलेल्या माझ्या फोनची घंटा वाजायला लागली. नवीन भाडं. पडद्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि मोठ्या अक्षरात रक्कम.

साहेब म्हणाले, "घ्या मामा. दुसरी भाची बोलावतीय."

पथकातले सगळे हसले. मॅडम हसल्या. मीही हसलो, काय करणार. गाडी मात्र जप्त झाली. परवाना नसताना भाडं केलं म्हणून दंड, आणि तो भरून लिहून देईपर्यंत गाडी आरटीओच्या आवारात उभी राहणार. मी पंचा काढून भाव करायला गेलो. साहेबांनी पावतीपुस्तक उलटं करून मला दाखवलं आणि म्हणाले, यावर छापलंय तेवढंच, बोटं धरून काही उपयोग नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी मला खोटं काही सांगितलं नव्हतं.

मी तिथंच उभा राहून कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. कंपनी पाठीशी आहे ना. आधी गाणं वाजलं, मग एका बाईच्या आवाजानं हिंदीत एक दाबा, दोन दाबा सांगितलं. मी सगळे आकडे दाबून पाहिले. शेवटी एक माणूस मिळाला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आम्ही फक्त गिऱ्हाईक आणि चालक यांची गाठ घालून देतो, वाहनाची कागदपत्रं ही चालकाची जबाबदारी. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळपर्यंत माझं खातं बंद झालं. कारण लिहिलं होतं, अयोग्य वर्तन.

घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, "गाडी कुटं हाय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अवो, बाजारात दुसऱ्याच्या हातून कधी गाठसुद्धा मारून घेत न्हाई तुमी, आन् हितं अंगठा दुसऱ्याचा चालला?" शेळ्यांना पाला टाकायला निघून गेलो.

रविवारी त्या अमरावतीच्या मॅडम घर शोधत आल्या. त्यांच्यामुळे गाडी गेली असं त्यांच्या मनात बसलं होतं. मी सांगितलं, तुमी नसता तरी दुसरी भाची होतीच. बायकोनं चहा दिला. दुसरा कप मागितल्यावर त्यांना कळलं की दूध शेळीचं आहे. तोपर्यंत आवडला होता, त्यामुळे मागं फिरता आलं नाही. गाडीत त्या मला खोटंच मामा म्हणाल्या होत्या, तेव्हापासून खरंच म्हणतात.

त्यांनी माझा फोन घेतला आणि ती मुंग्यांची रांग वाचून काढली. ओट्यावर बसून, मोठ्यानं, मराठीत सांगत. चालकाकडे भाड्याच्या वाहनाचा परवाना, बिल्ला आणि विमा असलाच पाहिजे. नसेल तर सर्व परिणाम चालकाचे. कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. सगळं लिहिलेलं होतं. छत्रीखालचा माणूस जे बोलला त्याच्या बरोबर उलट, त्यानंच अंगठा टेकवलेल्या चौकोनाच्या वर.

मग त्या म्हणाल्या, "मामा, गाडीचा विमा कुठे आहे?"

मी लोखंडी कपाटातून कागद आणला. गाडीसोबतच आलेला, नावावर करून घेतलेला. तो मी कधी वाचला नव्हता, फक्त तारीख बघायचो. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. भाडं घेऊन किंवा मोबदला घेऊन वापर केल्यास हा विमा लागू नाही.

"म्हंजी?"

"म्हणजे कुणाला लागलं असतं तर विमा कंपनीनं हात वर केले असते, मामा. नाहीतर कोर्टानं त्यांना द्यायला लावलं असतं आणि त्यांनी ते तुमच्याकडून वसूल केलं असतं. घरावरून, जमिनीवरून, जे असेल त्यावरून."

मला त्या मुलीचं कपाळ आठवलं. सीटऐवजी काच असती तर? माझ्या डोळ्यांपुढे गोठा आला, मग घर, मग वडिलांनी मजुरी करून राखलेला जमिनीचा तुकडा. दंडाचं मला काही वाटलं नव्हतं. दंड भरता येतो. पण एवढे महिने रोज सकाळी मी देवाला नमस्कार करून सगळं घरदार त्या गाडीच्या टपावर ठेवून निघत होतो, आणि कुणी मला सांगितलं नव्हतं. आणि मागं बसणाऱ्या पोरींनाही नाही. त्यांना वाटायचं, ॲपवरून गाडी मागवली, म्हणजे सगळं रीतसर असणार. त्या दिवशी मी दुपारी जेवलो नाही. बायकोनं न विचारता ताट झाकून ठेवलं.

सोमवारी दंड भरला. जप्त गाड्यांच्या आवारात माझी गाडी एका मोडक्या टेम्पोच्या सावलीत उभी होती, टपावर एक कुत्रं झोपलेलं. पांढऱ्या पाटीवर पुन्हा भाड्याला लावणार नाही असं लिहून दिलं आणि शब्द पाळला. पांढरी पाटी असेपर्यंत भाच्यांना सुट्टी.

पण गाडी दारात उभी ठेवायला मी तीन रविवार घासाघीस केली नव्हती. पाटी बदलायची ठरवली. वेग आवरणारं यंत्र बसवलं, तपासणी करून घेतली, परवान्याचा अर्ज केला, भाड्याच्या गाडीचा विमा घेतला. तो पहिल्यापेक्षा कितीतरी महाग. एजंटाशी मी अर्धा दिवस भांडलो आणि शेवटी त्यानं मला एक कॅलेंडर जादा दिलं. माझा बिल्ला काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी डोळे तपासले. तळाची ओळ वाचा म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर, आता मी तळाचीच ओळ आधी वाचतो. त्यांना काही कळलं नाही पण सही दिली.

आता पाटी पिवळी आहे. दुसऱ्या एका ॲपवर आहे, तिथं नाव नोंदवताना अमरावतीची भाची शेजारी बसून होती आणि चौकोनावर अंगठा माझा होता. लवळ्याच्या चढावर पथक दिसलं की मी गाडी हळू करतो आणि काच खाली घेतो. मागच्या महिन्यात तेच साहेब होते. त्यांनी पाटी बघितली, मग मागं बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याकडे बघून विचारलं, "हे कोण, सासू-सासरे?" मी म्हटलं, "न्हाई साहेब, गिऱ्हाईक. पाच मिनिटांपूर्वी वळख झाली." एवढं बोलताना छाती फुगली, हे खोटं कशाला सांगू.

हे सगळं ठीक झालं. पण ते मी ठीक केलं, कंपनीनं नाही.

भाचीच्या मदतीनं मी पहिल्या कंपनीला चार पत्रं पाठवली. पुण्यातल्या त्यांच्या ऑफिसात दोनदा गेलो. पहिल्या वेळी सांगितलं, छत्रीखालचा माणूस आमचा नव्हता, आम्ही ते काम बाहेर दिलं होतं. बाहेर म्हणजे कुणाला, ते सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी रखवालदारानं आत सोडलं नाही. तोही आमच्याच भागातला निघाला, कानात म्हणाला, "दादा, तुमच्याआधी लई जण येऊन गेलेत. चहा घ्या आन् जावा." चहा घेतला. गेलो मात्र नाही, पायरीवर संध्याकाळपर्यंत बसलो.

चौथ्या पत्राचं उत्तर परवा फोनवर आलं. भाचीनं वाचून दाखवलं. सुरुवात, प्रिय भागीदार. मग माझ्या भावनांची त्यांना कदर आहे. मग नियम बाराव्या कलमात आहेत. शेवटी, हा संदेश आपोआप तयार झाला आहे, कृपया याला उत्तर देऊ नये. खाली नाव नाही, सही नाही.

म्हणून मी उत्तर इथं देतो. मी भागीदार असेन, तर माझ्या प्रत्येक भाड्यातला तुमचा वाटा तुम्ही पांढऱ्या पाटीवरूनच घेतलात. तो घेताना पाटीचा रंग तुम्हाला दिसला नाही, आणि गाडी जप्त झाल्यावर लगेच दिसला. माझ्या गाडीचे फोटो तुम्ही नोंदणीच्या दिवशीच काढून घेतले होते, पुढून आणि मागून, पाटीसकट. ते बघून हो कुणी म्हटलं? यंत्रानं म्हटलं असेल तर ते यंत्र कुणी लावलं? माझ्या गाडीत बसलेल्या पोरींना विमा नव्हता हे तुमच्याकडे कुणाला ठाऊक होतं, आणि त्यानं ते त्यांना का सांगितलं नाही? मला दंड परत नको. मला एक माणूस हवा, नाव असलेला. त्यानं घोटावड्याला यावं किंवा मला बोलवावं, समोर बसावं आणि यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहून खाली सही करावी. कोण येतंय ते कळवा.